कॉन्फरन्समधली 'प्रोफेशनल डेव्हलपमेंट' सेशन्स आणि गोलमेज चर्चा: बसावं की सरळ टॉक ऐकावेत?

अगरवाली (१४ नोव्हेंबर, २२:४०)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. विषय लोणार सरोवरातले बॅक्टेरिया. (हो, तेच, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेलं. नाही, मी नव्हतं केलं.) डिसेंबरात आमच्या विषयाची ऑल इंडिया कॉन्फरन्स आहे, तीन दिवस, दुसऱ्या राज्यात, आणि माझं पोस्टर सिलेक्ट झालंय. काल प्रोग्रॅमची पीडीएफ आली आणि डोकं फिरलं. रोज दुपारी दोन ते चार एका हॉलमध्ये एक्स्ट्रीमोफाइल्सचे (अतिखारट, अतिउष्ण अशा टोकाच्या जागी जगणाऱ्या जीवांचे) टॉक, म्हणजे नेमकं माझं फिल्ड, आणि त्याच वेळेला दुसऱ्या हॉलमध्ये 'प्रोफेशनल डेव्हलपमेंट'. पहिल्या दिवशी सीव्ही आणि इंटरव्ह्यू, दुसऱ्या दिवशी पब्लिकेशन एथिक्स, तिसऱ्या दिवशी गोलमेज चर्चा, आठ टेबलं, प्रत्येकावर एक विषय आणि एक जाणकार.

सरांना विचारलं तर म्हणाले, ते सगळं टाइमपास असतं, सायन्स ऐक. लॅबमधला सीनियर म्हणतो टॉक काय, सहा महिन्यांनी पेपरमध्ये वाचता येतात. साडेचार हजार फी खिशातून भरलीय, फेलोशिप कागदावर ३७,००० आहे पण चार महिने आलेली नाही, त्यामुळे पैसे वसूल करायचेत. तुमचे अनुभव सांगा प्लीज.

मी_आपली_वाचक (१४ नोव्हेंबर, २२:५५)
आयडी वाचून उदबत्तीचा धागा असेल म्हणून आले. आता आलेच आहे तर बसते.

पिपेट_पांडू (१४ नोव्हेंबर, २३:२०)
सहावं वर्ष चालू आहे त्यामुळे अधिकारवाणीने बोलतो. सीव्हीच्या सेशनला जाऊ नकोस. मी तीन वेळा बसलोय, तिन्ही वेळा 'फॉन्ट एकसारखा ठेवा, स्पेलिंग तपासा, स्वतःवर विश्वास ठेवा' एवढंच. बोलणारे गृहस्थ गेली पंचवीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेले, त्यांनी शेवटचा सीव्ही टाइपरायटरवर काढला असणार.

मुरगावकर (१५ नोव्हेंबर, ०७:१०)
पांडूभाऊंशी असहमत, थोडं लांब लिहितो.

मी गोव्यात एका फार्मा कंपनीत क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) मायक्रोबायॉलॉजीत आहे, सोळा वर्षं झाली, इंटरव्ह्यू पॅनेलवर बसतो. एमएस्सी, पीएचडी झालेली मुलं येतात, डोळे मिटून क्रेब्स सायकल काढून दाखवतील. मी फक्त एक विचारतो, क्लीन रूममध्ये सेटल प्लेट (हवेतले जंतू पडावेत म्हणून ठेवलेली आगरची ताटली) जास्तीत जास्त किती वेळ उघडी ठेवायची आणि का? चार तास हे काही जण सांगतात, गाइडबुकातून पाठ केलेलं असतं. 'का' विचारलं की एसीकडे बघतात. अरे, मीडियम, म्हणजे जंतूंचं खाद्य, सुकतं, सुकलेल्या आगरवर जंतू पडला तरी उगवणार नाही आणि तुम्ही मात्र रूम स्वच्छ म्हणून सही करून मोकळे. तसंच मीडिया फिल. औषधाच्या जागी न्यूट्रिएंट मीडियम भरून अख्खी लाइन चालवायची, चौदा दिवस इन्क्युबेट करायचं आणि एकाही बाटलीत गढूळपणा येता कामा नये. हे कुठल्या युनिव्हर्सिटीत कोण दाखवतो?

म्हणून सेशन कोण घेतंय ते बघा. इंडस्ट्रीतला माणूस असेल तर डोळे झाकून जा. प्राध्यापकच प्राध्यापक होण्याबद्दल बोलणार असतील तर पांडूभाऊ म्हणतात ते बरोबर.

काडीसम्राट (१५ नोव्हेंबर, ०८:०२)
म्हणजे पीएचडी करून शेवटी प्लेटी उघड्या ठेवायच्या. छान. *पॉपकॉर्न घेऊन बसलो*

मुरगावकर (१५ नोव्हेंबर, ०८:३०)
काडीसम्राट, तुम्हाला सलाइन लावायची वेळ आली तर ती बाटली याच प्लेटीवाल्यांनी पास केलेली असेल. हलकेच घ्या.

निवृत्त_मास्तर (१५ नोव्हेंबर, १०:४५)
अगरवाली, तुझे सर चूक बोलत नाहीत. अनुभवाने बोलतायत, आणि तो अनुभव आम्हीच त्यांना दिलाय. आता रिटायर झालोय म्हणून कबुली देऊन टाकतो.

आमच्या कॉलेजात आम्ही एक राष्ट्रीय परिषद भरवली होती, संयोजक मीच. प्रोग्रॅमवर पहिल्या दिवशी साडेतीन ते साडेचार 'खुली चर्चा' ठसठशीत अक्षरात छापलं होतं. उद्घाटन दहाला, पाहुणे आले अकरा वीसला. मग दीपप्रज्वलन. समईची वात काही केल्या पेटेना, वर पंखा चालू, आणि आमचा शिपाई पंखा बंद करायला गेला तर त्याने माइकचं बटण बंद केलं. मग स्वागतगीत, शाल, श्रीफळ, परिचय (पाहुण्यांचा परिचय चार पानी, पाहुण्यांनीच पाठवलेला), स्मरणिकेचं प्रकाशन, रिबन सुटेना म्हणून कात्री शोधणं. जेवण अडीचला. दोन टॉक कसेबसे झाले आणि पावणेपाचला मी स्वतः माइकवर उभा राहून म्हणालो, 'वेळेअभावी खुली चर्चा आपण चहाच्या वेळी अनौपचारिकपणे करूया.' चहाच्या वेळी चर्चा कसली, सर्टिफिकेटची रांग. मागच्या बाकावर शिरूरकडची एक मुलगी वहीत प्रश्न लिहून बसली होती. ती वही मिटताना मी पाहिली. अजून आठवते.

आपल्याकडे चर्चा हा प्रकार प्रोग्रॅममधला कुशन असतो, उशीर झाला की तिथून कापायचं. म्हणून सर टाइमपास म्हणतात. पण तुझ्या पीडीएफमध्ये त्यासाठी वेगळा हॉल आणि सलग दोन तास दिलेत, म्हणजे संयोजक आमच्यापेक्षा शहाणे दिसतायत.

खवय्या_नंबर_१ (१५ नोव्हेंबर, ११:१५)
मास्तर, समईचा किस्सा जबरी. आमची सौ. या फिल्डमधली, मी तिच्याबरोबर चार कॉन्फरन्सांना 'अकंपनिंग पर्सन' म्हणून गेलोय, वेगळी फी भरून. माझं निरीक्षण: तिन्ही दिवस पनीर असतं. पहिल्या दिवशी बटर मसाला, दुसऱ्या दिवशी कढाई, तिसऱ्या दिवशी पहिल्या दोन दिवसांचं उरलेलं एकत्र करून त्याला शाही म्हणतात. पैज लावायला तयार आहे.

बॉस्टनबाई (१५ नोव्हेंबर, २१:३०)
इकडून एक वेगळा मुद्दा. धाग्यात सगळे 'काय ऐकावं' यावर बोलतायत, चर्चासत्रात आपण बोलायचंही असतं ना?

अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजीच्या मोठ्या बैठकांचा विदा घेऊन आर्तुरो कासादेवाल आणि जो हँडल्समन यांनी २०१४ मध्ये एक पेपर लिहिला होता. ४६० सिम्पोझियम, १,८४५ वक्ते. वक्ते निवडणाऱ्या टीममध्ये एक जरी बाई असेल तर बाई वक्त्यांचं प्रमाण ७२ टक्क्यांनी वाढलेलं, सगळे पुरुषच निवडणारे असतील त्यांच्या तुलनेत. सोसायटीने ते मनावर घेतलं आणि २०१५ च्या बैठकीत बायकांचा वाटा जवळजवळ निम्म्यावर गेला. काही क्रांती नाही केली, निवडणाऱ्यांना आकडे दाखवले आणि फक्त पुरुषांची यादी टाळा एवढंच सांगितलं.

आणि २०१८ चा दुसरा अभ्यास, १० देशांतले जवळपास अडीचशे सेमिनार. प्रश्न विचारण्यात पुरुष अडीचपट पुढे. गंमत म्हणजे पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढेही बायकांचे हात कमीच वर येतात. तेव्हा अगरवाली, कुठेही बस पण पहिला हात तुझा.

पिपेट_पांडू (१५ नोव्हेंबर, २२:०५)
पहिला हात नेहमी त्या एका काकांचा असतो. पहिल्या रांगेत डावीकडून दुसरे. 'माझा प्रश्न नाहीये, एक कॉमेंट आहे' म्हणून सुरू होतात आणि १९८६ साली त्यांनी हेच काम कसं केलं होतं ते सांगतात. प्रत्येक कॉन्फरन्सला असतात. मला वाटतं संयोजक भाड्याने आणतात.

निवृत्त_मास्तर (१५ नोव्हेंबर, २२:३०)
पांडू, मी डावीकडून तिसरा बसतो.

मी_आपली_वाचक (१५ नोव्हेंबर, २२:४१)
लोल मास्तर.
अडाण्यासारखा प्रश्न आहे, पण शास्त्रज्ञांना चर्चा 'शिकवावी' का लागते? शोध लागला की आपोआप चर्चा होत नाही का?

स्वॅब_पाठवा (१६ नोव्हेंबर, ००:१५)
वाचकताई, अजिबात होत नाही. फ्लेमिंगचंच घ्या. बुरशी पडलेली ती प्लेट १९२८ ची, आणि १९२९ च्या फेब्रुवारीत त्याने लंडनच्या मेडिकल रिसर्च क्लबात पेनिसिलिनवर भाषण केलं. एकाही माणसाने प्रश्न विचारला नाही असं सांगतात. माणूस पुटपुटत बोलायचा, ऐकणाऱ्यांना विषयाचं महत्त्व कळलं नाही. पुढे ब्रिटनमध्ये १९४५ साली सोसायटी फॉर जनरल मायक्रोबायॉलॉजी निघाली तर तिचा पहिला अध्यक्ष हाच फ्लेमिंग, नोबेलही त्याच वर्षी. आता त्याच सोसायटीत तरुण मायक्रोबायॉलॉजिस्टांचा वेगळा फोरम आहे, बोलायचं कसं ते पोरं आपसात शिकतात. उशीर झाला एवढंच.

आता माझा अनुभव. मी एमडी, सरकारी हॉस्पिटलची लॅब बघते. एका कॉन्फरन्सला चुकून एका छोट्या चर्चेत जाऊन बसले, खरं तर एसी चांगला होता म्हणून. सहा जण, एक टेबल, विषय 'रिपोर्टवर कुठली औषधं छापायची'. आमच्याकडे तोपर्यंत कल्चर रिपोर्ट म्हणजे वाण्याची यादी, जेवढ्या डिस्क (औषधाच्या चकत्या) लावल्या तेवढी सगळी औषधं छापायची. डॉक्टर यादीत खालून बघतो, सगळ्यात भारी जे 'सेन्सिटिव्ह' दिसेल ते लिहून देतो, साध्या युरिन इन्फेक्शनला मेरोपेनेम. टेबलावरच्या एका बाईंनी सांगितलं, त्या साधं औषध लागू पडत असेल तर भारी औषध टेस्ट करतात पण छापत नाहीत, कोणी फोन केला तर सांगतात. याला कॅस्केड रिपोर्टिंग म्हणतात, पुस्तकात मी वाचलेलं होतं. पण सर्जन फोनवर ओरडला तर काय बोलायचं हे पुस्तकात नव्हतं, ते वाक्य बाईंनी मला शब्दशः लिहून दिलं. 'सर, छापलं नाही म्हणजे चालत नाही असं नाही, आधी याने बरं होतंय का बघूया का?' परत आल्यावर महिनाभर शिव्या खाल्ल्या, मग फोन बंद झाले. त्या कॉन्फरन्सचे टॉक कुठले होते विचाराल तर एक आठवत नाही.

मुरगावकर (१६ नोव्हेंबर, ०७:२०)
वाणी यादी 😂 तंतोतंत. वाचनखूण साठवली.

काडीसम्राट (१६ नोव्हेंबर, ०९:००)
एक शंका. एथिक्सवर सेशन ठेवावं लागतं यातच सगळं आलं नाही का? चोरी करू नका हे दोन तास सांगायचं?

बॉस्टनबाई (१६ नोव्हेंबर, १९:५०)
काडी टाकलीत पण मुद्दा बरा आहे. एलिझाबेथ बिक या मूळच्या मायक्रोबायॉलॉजिस्ट. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २०,६२१ पेपरमधल्या आकृत्या नुसत्या डोळ्यांनी तपासल्या, २०१६ मध्ये छापलं. ३.८ टक्के पेपरमध्ये एकच चित्र दोन ठिकाणी वापरल्यासारखी गडबड. त्यातल्या साधारण निम्म्यांत मुद्दाम फिरवाफिरवी केल्याची चिन्हं होती. उरलेली निम्मी निव्वळ निष्काळजीपणा असू शकतो, फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' अशा फायली असल्या की होतं ते. तेव्हा चोरी करू नका सांगायला सेशन नको, पण जेलचे (डीएनए किंवा प्रोटीनच्या पट्ट्या, म्हणजे बँड, दिसतात त्याचे) फोटो कसे साठवायचे, ब्राइटनेस किती वाढवला तर चालतो, पीएचडीच्या गाइडने 'ही बँड जरा पुसून टाक' म्हटलं तर काय करायचं, यावर दोन तास पुरत नाहीत.

पिपेट_पांडू (१६ नोव्हेंबर, २०:१०)
'खरंच फायनल' वाचून घाम फुटला. लॅपटॉप बघून येतो.

निवृत्त_मास्तर (१७ नोव्हेंबर, ०९:३०)
बॉस्टनबाईंनी गाइडचं बोलून दाखवलं. पण गाइड त्याच हॉलमध्ये बसलेले असताना विद्यार्थी हे विचारेल कसा? खरी अडचण ही आहे. अमेरिकेत गॉर्डन कॉन्फरन्स म्हणून असतात त्यात म्हणे फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, तिथे ऐकलेलं बाहेर कुठे वापरायचं नाही. तशी सोय आपल्याकडे हवी.

बॉस्टनबाई (१७ नोव्हेंबर, १८:४०)
हो, मी एकीला गेलेय. दुपार मोकळी सोडतात, सकाळी टॉक, मग रात्री परत. लोक दुपारी पोहायला किंवा डोंगरावर जातात आणि खरं बोलणं तिथेच होतं. छापून न आलेलं काम बिनधास्त दाखवतात. पण बाय द वे, तिथेही गाइड असतातच, आणि डोंगर चढताना गाइड मागे पडले की विद्यार्थी बोलतात.

खवय्या_नंबर_१ (१७ नोव्हेंबर, १९:००)
म्हणजे आपल्याकडे सिंहगडावर कॉन्फरन्स ठेवा. पिठलं-भाकरी, दही, कांदाभजी. पनीरही टळेल.

मी_आपली_वाचक (१७ नोव्हेंबर, १९:२०)
+१. यापुढचे प्रतिसाद कांदाभज्यांवर असतील तर मी नियमित येईन.

(मधल्या अठ्ठावीस प्रतिसादांत सिंहगडावरची भजी आणि झुणका की पिठलं यावर जे झालं ते सगळ्यांनी वाचलंच आहे. काडीसम्राटांनी त्यावर वेगळा धागा काढलाय, तो तिकडे चालू द्या.)

अगरवाली (२१ डिसेंबर, २३:०५)
आले परत. उशीर झाला, पण वृत्तांत देणं भाग आहे, तुम्ही एवढं लिहिलंत.

सीव्हीचं सेशन: पांडूदादा बरोबर होते. फॉन्ट, स्पेलिंग, आत्मविश्वास, त्याच क्रमाने. अर्ध्यातून उठून टॉकला गेले.

एथिक्स: बॉस्टनताईंचं ऐकून पहिला हात मीच वर केला. माइक हातात आला, प्रश्न विचारला, आवाज थरथरत होता, आणि पूर्ण विचारून झाल्यावर कळलं माइक बंदच होता. (मास्तर, तुमचा शिपाई तिकडे बदलून गेला का?) परत विचारावा लागला. दुसऱ्यांदा आवाज थरथरला नाही. माझ्यानंतर सलग तीन मुलींनी प्रश्न विचारले. मग ते काका उठले. पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरे. शप्पथ.

आता गोलमेज. सात टेबलांवर गर्दी, परदेशी पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) टेबलाला तर लोक उभे. पाच नंबरच्या टेबलावर 'जैवविविधता कायदा आणि कल्चर डिपॉझिट', तिथे एक बाई एकट्या बसलेल्या, समोर बिस्किटांची भरलेली प्लेट. दया आली म्हणून बसले खरं तर. माझ्याकडे लोणारचा एक स्ट्रेन (बॅक्टेरियाचा वाण) आहे, नवीन स्पीशीज निघेल असं वाटतंय, सगळं काम होत आलंय. नाव द्यायचं तर नियम असा की टाइप स्ट्रेन, म्हणजे त्या स्पीशीजचा अधिकृत नमुना, दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये (जिवंत जंतूंच्या संग्रहात) जमा हवा, आणि तो कोणालाही मागितला तर मिळायला हवा. इकडे आपला २००२ चा कायदा म्हणतो नवीन जीव सापडला तर तो आपल्याकडच्या नेमलेल्या संस्थेत जमा करा, आणि बाहेर पाठवायचा तर आधी कागद. आमच्या लॅबमध्ये कोणीच हे कधी केलेलं नाही, सर म्हणायचे पेपर लिही, मग बघू. गेले आठ महिने मी ते 'मग बघू' उशाला घेऊन झोपतेय.

बाई कल्चर कलेक्शनमध्येच काम करतात. त्यांनी पेपर नॅपकिनवर बाण काढून क्रम लिहून दिला. म्हणाल्या, सगळे जण पेपर लिहून झाल्यावर आमच्याकडे धावत येतात, तुम्ही स्ट्रेन प्युअर झाल्याच्या दिवशी या. आम्ही तो आमच्याकडे उगवून, १६एस (ओळख पटवायची जनुक-चाचणी) परत करून बघतो, मगच सर्टिफिकेट. मग मीडियम विचारलं. मी सांगितलं पीएच दहा, सोडियम कार्बोनेट. त्यांनी लगेच नॅपकिनवर अधोरेखित केलं: 'सोडा वेगळा ऑटोक्लेव्ह, नंतर मिसळणे, असं फॉर्मवर स्पष्ट लिहा'. (ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं.) कोणीतरी एकदा लिहिलं नव्हतं, त्यांच्या नवीन मुलाने सगळं एकत्र ऑटोक्लेव्ह केलं, आगर थलथलीत, प्लेट उलटी केली तर मीडियम झाकणात. मी हसले कारण पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं, आख्ख्या चाळीस प्लेटी.

दोन तास कुठे गेले कळलं नाही. बिस्किटं आम्ही दोघींनी संपवली.

आणि निघताना विचारलं, तुमचं ऑफिस कुठे, भेटायला कधी येऊ. म्हणाल्या, पुण्यात. नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स. माझ्या लॅबपासून स्कूटीवर पंचवीस मिनिटं.

स्वॅब_पाठवा (२१ डिसेंबर, २३:१८)
काखेत कळसा! रेल्वेने दीड दिवस जाऊन!

निवृत्त_मास्तर (२२ डिसेंबर, ०६:५०)
तो नॅपकिन जपून ठेव. सरांना दाखवलास का?

अगरवाली (२२ डिसेंबर, ०९:१५)
दाखवला. दोन मिनिटं बघत बसले. मग म्हणाले झेरॉक्स काढ, आणि शुक्रवारी मीही येतो तुझ्याबरोबर. नॅपकिनची झेरॉक्स नीट येत नाही, चहाच्या डागाचाही काळा गोळा येतो.

पिपेट_पांडू (२२ डिसेंबर, ०९:४०)
माझाही एक स्ट्रेन फ्रीझरमध्ये दोन वर्षं 'मग बघू' म्हणून पडलाय. व्यक्तिगत निरोप करतो, नॅपकिनचा फोटो पाठव.

मुरगावकर (२२ डिसेंबर, १०:०५)
पांडूभाऊ, आधी तो उगवतो का बघा.

खवय्या_नंबर_१ (२२ डिसेंबर, १०:३०)
सगळं लिहिलंत, मुख्य राहिलं. जेवण?

अगरवाली (२२ डिसेंबर, १०:३२)
बटर मसाला, कढाई, शाही.